‘ग्रीन रमजान’चे सल्ले आणि तुलनेचा प्रश्न

इफ्तारला प्लॅस्टिकची बाटली नको, थर्माकोलची ताटली नको, ताटात उरवू नका. ‘ग्रीन रमजान’च्या बऱ्याच मार्गदर्शिका इथेच थांबतात. सल्ला रास्त आहे. थर्माकोलच्या ताटल्यांवर तर महाराष्ट्रात 2018 पासून बंदीच आहे. पण संशोधन म्हणून वाचायला बसलं की पहिला प्रश्न येतो, कचरा वाढतो किंवा घटतो तो कशाच्या तुलनेत?

चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचं, त्यामुळे रमजान दरवर्षी साधारण 11 दिवस अलीकडे सरकतो. 2018 मध्ये तो मे-जूनमध्ये होता, 2026 मध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये. या दोन वर्षांत बाटल्या कमी दिसल्या तर श्रेय बंदीचं, मोहिमेचं की कमी उन्हाचं? ऋतूचा परिणाम वेगळा काढल्याशिवाय हे सांगता येणार नाही.

दुसरी उणीव जास्त गंभीर. फक्त इफ्तार मोजायचा आणि आपल्या कोथरूडमधली लग्नाची कार्यालयं, गणपतीतले महाप्रसाद सोडून द्यायचे, म्हणजे आकडे खरे असूनही एकच समाज आरोपी ठरतो. कोथरूडचा कचरा डेपो बंद झाल्यावर कचरा उरुळी देवाची-फुरसुंगीकडे गेला. तिथल्या लोकांना तो कोणत्या सणाचा, याने काय फरक पडतो?

तेव्हा प्रपोजल लिहिताना तुलनेचा गट आधी ठरवा. सल्ल्यांची यादी नंतर करता येते.