बागेचं तिसावं वर्ष

आराखड्यावर झाड म्हणजे वर्तुळ. लँडस्केप आर्किटेक्चरच्या पदव्युत्तर वर्गांचं परीक्षण करायला मी काही वर्षं जातो आहे. भिंतीवरच्या जवळजवळ प्रत्येक आराखड्यावर ही वर्तुळं असतात, हिरवी, जलरंगात भिजल्यासारखी, आठ-दहा मीटर व्यासाची. म्हणजे रोप लावलं त्याच दिवशी झाड वीस वर्षांचं झालेलं असतं. त्याच जागेचा उभा छेद पाहावा, तर झाडांखाली माती म्हणून तपकिरी रंगाचा एकच पट्टा. खाली मुरूम आहे की कातळ, विहिरीचं पाणी मे महिन्यात कुठवर उतरतं, पावसाळ्यात तिथे पाणी साचतं की वाहून जातं, यातलं त्या पट्ट्यात काहीच नसतं. मुलं हुशार असतात, चित्रं देखणी असतात. तरीही आपल्याकडच्या या कलेचं दुखणं मला त्या वर्तुळात आणि त्या पट्ट्यात दिसतं.

एकदाच एका मुलीने एकाच जागेचे तीन आराखडे लावले होते. एक पहिल्या वर्षाचा, एक सातव्या आणि एक तिसाव्या वर्षाचा. पहिल्यावर फारसं काही नव्हतंच. गवत, काट्यांचं कुंपण, ओघळीवर रचलेले दगडी बांध आणि अधूनमधून गुडघाभर रोपं. ‘हे अपुरं आहे,’ असा शेरा एका ज्येष्ठ परीक्षकांनी दिला. त्या दिवशी भिंतीवर लागलेल्या सगळ्या आराखड्यांत मला तेवढाच पुरा वाटला.

लँडस्केप आर्किटेक्चर आणि इकॉलॉजी एकत्र आणणारं काम आपल्याकडे आज कुठे उभं आहे, असा प्रश्न मला तरुण मुलं विचारतात, कारण त्यांना त्यात आयुष्य घालवायचं असतं. माझं उत्तर असं आहे: शब्द आले, चित्रं आली, काही कामंही फार मोलाची झाली, पण या कलेचं खरं साहित्य जो काळ, त्याचा हिशेब ठेवायला आपण शिकलो नाही. कवीला शब्द, शिल्पकाराला दगड, तसा या कलावंताला काळ मिळतो. आणि आपल्या निविदेत तो फार तर ‘देखभाल, एक वर्ष’ एवढाच लिहिलेला असतो.

काळ किती निष्ठुर असतो, याचा धडा या पेशाच्या सुरुवातीलाच मिळाला होता. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोस्टनमध्ये बॅक बे फेन्स हा भाग घडवला. सांडपाण्याने नासलेल्या खाडीच्या तुकड्यात भरती-ओहोटीचा खेळ पुन्हा आणून खारी पाणथळ जागा उभी करायची, ही त्या काळी विलक्षण कल्पना होती. १९१० साली चार्ल्स नदीच्या मुखावर बंधारा झाला, खारं पाणी थांबलं आणि ती पाणथळ वनस्पती मरून गेली. ओल्मस्टेड यांची रेषा चुकली नव्हती. त्यांच्या जागेचा प्राण जागेच्या बाहेर, समुद्रात होता आणि समुद्राशी असलेलं नातं तोडण्याचा निर्णय दुसऱ्याच कुणी घेतला.

पुढे १९६९ साली इयान मॅकहार्ग यांचं ‘डिझाइन विथ नेचर’ आलं. स्कॉटलंडमध्ये जन्मलेला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणारा हा माणूस एकाच प्रदेशाचे अनेक नकाशे पारदर्शक कागदांवर काढायचा: भूगर्भ, माती, उतार, पाणी, वनस्पती, वस्ती. मग ते एकावर एक ठेवून बांधकाम कुठे करावं आणि कुठे हातही लावू नये, हे शोधायचा. आजच्या संगणकीय नकाशांची रीत त्याच वळणावर चालते. आपल्या महाविद्यालयांनी मॅकहार्ग मनापासून स्वीकारला. माझी तक्रार अशी की आपण त्याच्या थरांची नक्कल केली, थरांमधल्या कार्यकारणाची केली नाही. सात सुंदर नकाशे होतात आणि आठव्या कागदावर, त्या सातांना न विचारता, कमळाच्या आकाराचा तलाव उमटतो.

नकाशावरच शंका घेणारं काम मुंबईवर झालं, ही आपल्यासाठी मोलाची गोष्ट. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मिठी नदीचे काठ बांधून काढा, पात्र रुंद करा, अशीच भाषा सगळीकडे होती. अनुराधा माथुर आणि दिलीप द कुन्हा यांनी २००९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘सोक’ हे प्रदर्शन मांडलं आणि वेगळाच प्रश्न विचारला: जमीन आणि पाणी यांच्यामधली ती रेषा काढली कुणी? मुंबई हा खाडीचा प्रदेश आहे. इथे पाणी पावसाबरोबर वरून येतं, भरतीबरोबर समोरून येतं, मातीतून झिरपत येतं; मग त्याला ‘पूर’ म्हणून शत्रू ठरवणारा नकाशा उघडिपीच्या दिवसांत काढलेला असणार. माथुर २०२२ मध्ये गेल्या. त्यांची चित्रं आणि छेद मी पुन्हा पुन्हा पाहतो, कारण त्यांत पट्टा एकरंगी नाही. प्रदर्शन संपलं, पुस्तक कपाटात गेलं आणि मिठीला भिंती मिळाल्या. कला आणि कारभार यांच्यामध्ये जो माणूस उभा राहायला हवा होता, त्याच्यासाठी आपल्या नगररचनेत तेव्हा पदच नव्हतं. आजही नाही.

महाराष्ट्रात या विचाराची पायाभरणी वास्तुविशारदांनी केली नाही, पक्षी पाहणाऱ्यांनी केली. प्रकाश गोळे यांनी १९८२ साली पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. मुळा-मुठेवरचे पक्षी मोजता मोजता ते नदीच्या तब्येतीपर्यंत पोचले आणि पुढे पानशेतजवळच्या उजाड जमिनीवर निसर्ग परत कसा आणायचा, याचा प्रयोग करत राहिले. त्यांच्या अभ्यासवर्गात निरनिराळ्या पेशांतली माणसं येऊन बसली. त्याच मुशीतून आलेल्या केतकी घाटे आणि मानसी करंदीकर यांनी २००२ साली ऑयकॉस ही संस्था सुरू केली. जमीनमालकाने बोलवायचं, त्यांनी आधी जमीन वाचायची, मग काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही ते सांगायचं, असा तो पेशा. त्यांना कुणी लँडस्केप आर्किटेक्ट म्हणत नाही. पण जमिनीच्या तुकड्याचं भविष्य रेखाटणं म्हणजे ही कला असेल, तर तिचं फार शुद्ध रूप त्या कामात आहे.

अशीच गोष्ट जोधपूरची. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी सत्तर हेक्टर ज्वालामुखीय खडक आहे आणि त्यावर बावळिया माजली होती. आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात तीच. मूळ मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे झाड तोडलं की दुप्पट जोमाने फुटतं. प्रदीप कृष्ण यांनी २००६ मध्ये हे काम हाती घेतलं. ते चित्रपट दिग्दर्शक होते, झाडांवर पुस्तकं लिहीत होते. लँडस्केपची पदवी त्यांच्याकडे नव्हती. झाड मारायचं तर मूळ खडकात हात-दीड हात खोलवरून काढायला हवं होतं. तिथे यंत्रं आणि औषधं उपयोगी पडली नाहीत, खंडवालिया उपयोगी पडले. पिढ्यान् पिढ्या वालुकाश्माच्या खाणीत राबलेली ही माणसं हातोडीने खडक ठोकत, नाद ऐकत आणि दगड कुठे पोकळ आहे, कुठे फुटेल ते सांगत. बावळियाची मुळं निघाली आणि तोच खड्डा नव्या रोपाचा खड्डा झाला. त्यात लावलं काय, तर त्या वाळवंटात खडकावर मुळात जगणारीच, थोरासारखी झाडंझुडपं आणि गवतं. बाहेरून माती आणून पसरली नाही, की लॉन लावलं नाही.

मला या कामातलं सर्वांत मोठं कलाकौशल्य त्या नाद ऐकण्यात दिसतं. जागेचं ज्ञान कुणाच्या हातात, कुणाच्या कानात आहे ते शोधून त्याला आराखड्यात स्थान देणं, हे शिकवणारा एकही तास आपल्या अभ्यासक्रमात नाही. सह्याद्रीत गवत कापणारी बाई कुसळी कुठे येते, पवना कुठे आणि मारवेल कुठे, हे सांगते तेव्हा ती मातीच्या खोलीचाच नकाशा सांगत असते.

आता जरा कडवट भाग. ‘देशी झाडं’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला, याचा मला आधी आनंद झाला होता. पुण्याच्या टेकड्यांवर लवकर हिरवं दिसावं म्हणून लावलेल्या गिरिपुष्प या परदेशी झाडाखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, हे लोकांना उघड्या डोळ्यांनी दिसलं, तेव्हा देशी झाडांचा आग्रह योग्यच होता. पण त्या शब्दाची आता यादी झाली आहे. वड, पिंपळ, कडुनिंब, कदंब, बहावा: कोकणच्या सड्यावर हेच, सोलापूरच्या माळावर हेच आणि मुंबईच्या भरावावरही हेच. कोणतं झाड कोणत्या जागेचं, हा प्रश्नच गळून पडला. मियावाकी पद्धतीचं तेच झालं. अकिरा मियावाकी यांनी मुळात त्या त्या ठिकाणचं नैसर्गिक वन कोणतं, याचा कसून अभ्यास सांगितला होता. आपण त्यातली दाटी तेवढी उचलली. खड्ड्याला खड्डा लागून रोपं, दोन वर्षांत भिंतीसारखं हिरवं आणि पुढे फलक.

सर्वांत जास्त अन्याय माळरानावर होतो. पुण्याच्या पूर्वेकडे, सोलापूर-नगरकडे पाऊस कमी आणि माती वीतभर; तिथलं गवताळ रान ही हजारो वर्षांची पूर्ण परिसंस्था आहे. लांडगा, धाविक, चंडोल तिथेच नांदतात. सरकारी कागदावर ती ‘पडीक जमीन’ असते आणि वृक्षारोपणाचा पहिला हल्ला तिच्यावरच होतो. माळावर झाड लावणं हेही निसर्गाचं नुकसान असू शकतं, हे सांगायची हिंमत ज्या आराखड्यात असेल तो मला कलाकृती म्हणून मोठा वाटेल.

देशी झाड लावायचं ठरवलं, तरी ते मिळतं कुठे? कोणत्याही मोठ्या रोपवाटिकेत जाऊन मेढशिंगी, वारस, मोई, गणेर मागून पाहा. नर्सरीवाला सज्जनपणे फायकस आणि पाम दाखवतो, कारण त्यालाच गिऱ्हाईक आहे. गुरुग्रामच्या अरवली जैवविविधता उद्यानात, जिथे पूर्वी खाणी होत्या, तिथे काम करणाऱ्यांना म्हणूनच आधी बिया गोळा कराव्या लागल्या आणि स्वतःची रोपवाटिका उभारावी लागली. या क्षेत्रात येणाऱ्या मुलांना मी सांगतो की आराखडा शिकण्याआधी एक उन्हाळा बिया गोळा करण्यात घालवा. कोणतं बी किती दिवसांत मरतं, हे कळलं की वेळापत्रकाकडे बघण्याची नजरच बदलते.

आणि पैसा. आपल्याकडे डिझाइनचं शुल्क बहुतेक वेळा कामाच्या खर्चाच्या टक्क्यांत ठरतं. फरसबंदी, कारंजी, क्रेनने आणून उभी केलेली तयार झाडं यांनी खर्च वाढतो आणि शुल्कही. ‘तीन वर्षं चराई थांबवा, वणवा लागू देऊ नका, बाकी काही करू नका’ हा कित्येक जमिनींसाठी सर्वांत चांगला सल्ला असतो आणि त्या हिशेबात त्याची किंमत शून्य. जो आराखडा जितका संयमी, तितका तो करणारा उपाशी. ही मेख निघत नाही तोवर इकॉलॉजीचे कितीही तास वाढवले, तरी पदवीधर पहिल्या नोकरीत कारंजीच काढणार. वास्तुविशारद या नावाला १९७२च्या कायद्याचं संरक्षण आहे. लँडस्केप आर्किटेक्टसाठी वेगळा कायदा नाही आणि पुनरुज्जीवनाचं काम करणाऱ्या परिसरतज्ज्ञाला तर कुठलंच नाव नाही. शुल्क वर्षांवर ठरावं. पहिल्या वर्षी थोडं, मग दहा वर्षं दरसाल थोडं, आणि त्या बदल्यात आराखडा काढणाऱ्याने दर पावसाळ्यात त्या जागेवर हजर राहावं. याहून मोठी सुधारणा मला सुचत नाही.

नदीकाठांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यावर रोज लिहिलं जातं. साबरमतीच्या घाटालगत दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे, एवढं आठवलं तरी पुण्यातल्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ योजनेकडे पाहताना पुरे. वाळुंज, करंज, उंबर यांनी धरलेला काठ पावसाळ्यात पाण्याखाली जातो आणि दिवाळीला वर येतो. दोन्ही वेळा तो काठच असतो. बांधलेली भिंत काठाची ही दुसरी अवस्था मान्यच करत नाही.

समीक्षेचा दोष माझ्यासारख्यांकडेही जातो. आम्ही उद्घाटनाच्या सुमारास लिहितो. पुरस्कारही नव्या कामांनाच मिळतात, जेव्हा छायाचित्रात फरशी चकचकीत आणि झाडं काठीला बांधलेली असतात. वीस-तीस वर्षांनी परत जाऊन लिहिलेलं परीक्षण मराठीत मी वाचलेलं नाही.

म्हणून माझ्या यादीत आधी माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. मिठीच्या काठी, धारावीला लागून, ३७ एकर. तिथे शहराचा कचरा टाकत असत. कचऱ्यावर माती घालून झाडं लावली आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. तिसावं वर्ष उलटून गेलं आहे. तिथे लावलेली झाडं किती उंच झाली, याची यादी मला नको. जुलैमध्ये, दोन चांगल्या पावसांनंतर, गुडघ्यावर बसून त्या झाडांखालची जमीन पाहायची आहे: कुणीही न लावता उगवलेली रोपं किती, कोणती, आणि त्यांची बी कोणत्या पाखराने आणली असावी. वही, मोजपट्टी आणि झाडं ओळखणारा एक सोबती एवढ्यावर हे काम होतं. त्या तीन आराखड्यांच्या मुलीला मी विचारलं आहे.