पाचव्या तत्त्वाचा पूर्वार्ध

अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइडला ‘हरित विद्रावक’ म्हणण्याची रीत आता रुळली आहे. विकरांच्या, म्हणजेच एंझाइमांच्या अभिक्रियांसाठी हे विशेषण वापरताना मात्र ते तपासून घ्यायला हवे, असे प्रयोगशाळेबाहेरचा वाचक म्हणून मला वाटते.

तापमान ३१ अंश सेल्सिअस आणि दाब वातावरणाच्या सुमारे ७३ पट, या मर्यादेपलीकडे हा पदार्थ ना वायू राहतो ना द्रव. वायूसारखा तो सूक्ष्म छिद्रांत शिरतो, द्रवासारखा पदार्थ विरघळवतो. टॉमस अँड्र्यूज यांनी १८६९ मध्ये याच वायूवरील प्रयोगांतून क्रांतिक बिंदूची कल्पना मांडली. पुढे जर्मनीत कुर्ट झोसेल यांनी त्याच्या साहाय्याने कॉफीतले कॅफीन काढण्याची पद्धत शोधली. विकरे या माध्यमातही काम करतात, हे १९८५ च्या सुमारास अमेरिकी संशोधकांनी दाखवले.

जमेची बाजू भक्कम आहे. विकर त्यात विरघळत नाही, म्हणून गाळून पुन्हा वापरता येते. दाब सोडला की वायू निघून जातो; हेक्झेनसारखा अवशेष मालात उरत नाही.

खर्चाची बाजू उत्साहाच्या भरात मागे पडते. विकराला स्वतःभोवती पाण्याचा पातळ थर लागतो. कोरडा कार्बन डायऑक्साइड तो ओढून घेतो. पाणी असेल तेथे त्याचे कार्बॉनिक आम्ल होते. विकरातील लायसिनच्या अमिनो गटांशीही तो जोडला जाऊ शकतो. लायपेजे हे बरेचदा सोसतात, सगळी विकरे नाहीत. साखरेसारखे पदार्थ तर त्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. शिवाय दाब! घरच्या कुकरमध्ये तो बाहेरच्या जेमतेम दुप्पट असतो. येथे जाड पोलादी भांडी, पंप आणि वीज लागते.

माझा मुख्य आक्षेप वाचनाविषयी आहे. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ च्या पुस्तकात हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. पाचवे तत्त्व आधी सांगते की शक्य तेथे विद्रावक टाळा. वापरावाच लागला तर निरुपद्रवी वापरा, हे नंतर. आपण उत्तरार्ध पाठ केला आणि पूर्वार्ध विसरलो. सौंदर्यप्रसाधनांतले काही एस्टर लायपेज वापरून विद्रावकाविनाच बनवले जातात. तुलना हेक्झेनशी केली तर कार्बन डायऑक्साइड सरस ठरतो. अशा विद्रावकरहित पद्धतीशी केली तर त्याला आधी आपली गरज सिद्ध करावी लागते.

अभिक्रियेतले पदार्थ घनरूप असतील किंवा औषधात अवशेष चालणार नसेल, तेथे ती सिद्ध होईलही. तेव्हा ‘हरित’ हा शब्द भांड्यातल्या द्रव्याला न लावता संपूर्ण प्रक्रियेला लावावा, आणि तोही विजेचा हिशेब मांडून झाल्यावर.