पाणी देणें आणि पाय धुणें

मराठींतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विषय निघाला, कीं आपल्या सुशिक्षित घरांतून दोन प्रकारचे अभिप्राय ऐकूं येतात. एक असा, कीं हें सारें मिशनऱ्यांचें प्रचारसाहित्य. त्यांत वाङ्मय म्हणून पाहण्यासारखें तें काय असणार? दुसरा असा, कीं रेव्हरंड टिळकांच्या कांहीं कविता गोड आहेत आणि लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' तर अपूर्वच आहेत. मात्र त्यांतला धर्म बाजूस ठेवून तीं वाचावीं. पहिल्या मताचा विचार करण्याचें कारण नाहीं. तें न वाचतां बनविलेलें मत आहे. दुसरें मत मात्र पुष्कळ रसिकांचें आहे, आणि बरींच वर्षें तें आमचेंही होतें. वर्गांत शिकवितांनाही आम्ही तेंच सांगत आलों. गेल्या पावसाळ्यांत विंझर येथें आमच्या आत्याबाईंच्या घरीं राहण्याचा योग आला असतां हीं पुस्तकें पुन्हा वाचलीं, आणि तें मत आम्हांस सोडावें लागलें. तें कां सोडलें, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

या वाङ्मयांत सेवेविषयीं आणि परस्परप्रीतीविषयीं जें जें लिहिलें गेलें आहे, त्याचें मूळ एका प्रसंगांत सांपडतें. योहानाच्या शुभवर्तमानांतील तेरावा अध्याय वाचकांनीं ऐकून तरी माहीत असेल. मरणाच्या आदल्या रात्रीं येशू भोजनावरून उठतो, अंगावरील वस्त्र काढून ठेवितो, कमरेस रुमाल बांधतो आणि पात्रांत पाणी ओतून शिष्यांचे पाय धुऊं लागतो. पेत्राची पाळी येते तेव्हां तो पाय मागें घेतो. गुरूनें आपले पाय धुवावे हें त्यास सहन होत नाहीं. त्यास सांगण्यांत येतें कीं, हें तूं करूं दिलें नाहींस तर तुझा माझा संबंध उरत नाहीं. पुढें शिष्यांस बजावलें जातें कीं, मीं गुरु असून हें केलें, तर तुम्हीं एकमेकांचें केलें पाहिजे. आणि अध्याय संपण्यापूर्वीं एकमेकांवर प्रीति करण्याची नवी आज्ञा येते.

आतां हा प्रसंग मराठी मनांत उतरतो तेव्हां काय होतें? आपल्याकडे पाय धुणें ही नवी गोष्ट नाहीं. पाहुणा दारीं आला कीं त्यास पाय धुवावयास पाणी द्यावें, हा आपला जुना आचार. पण नीट पाहिलें तर आपण पाणी देतों, पाय तो आपले आपण धुतो. दुसऱ्याचे पाय प्रत्यक्ष धुण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. विवाहांत वधूचा पिता वराचे पाय धुतो. शिष्य गुरूचे धुतो आणि तें पाणी तीर्थ म्हणून घेतो. नवविधा भक्तींत पादसेवन आहे, तेंही देवाच्या चरणांचें. सारांश, आपल्या आचारांत ही सेवा खालून वर जाते. तिची दिशा उलटी झाली कीं आपल्यालाही पेत्रासारखेंच अवघडल्यासारखें होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, उलटी दिशा आपल्या संतांस ठाऊक नव्हती काय? होती, आणि ती फार सुंदर रीतीनें ठाऊक होती. राजसूय यज्ञांत श्रीकृष्णानें ब्राह्मणांचे पाय धुण्याचें काम पत्करलें. पंढरीचा विठोबा जनाबाईबरोबर दळूं लागला. एकनाथांच्या घरीं श्रीखंड्या होऊन त्यानें कावडी वाहिल्या. देवानें भक्ताघरीं राबावें ही कल्पना महाराष्ट्राइतकी क्वचितच कोठें रुजली असेल. वारींत तर वारकरी एकमेकांच्या पायां पडतात, तेथें वडील-धाकटा पाहिला जात नाहीं. म्हणूनच टिळकांस आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों असें वाटत असे, यांत नवल नाहीं. पण भेद आहे तो असा. जनाबाईचें दळण विठोबानें दळलें, ही गोष्ट ऐकून आपण गहिंवरतों आणि घरीं जातों. मोलकरणीचें दळण आपण दळावें असा अर्थ त्या गोष्टींतून आपण काढीत नाहीं. ती आपणांस देवाची कृपा वाटते, आपला धडा वाटत नाहीं. योहानाच्या अध्यायांत मात्र गोष्टीच्या पाठोपाठ आज्ञा येते, आणि ऐकणाऱ्यास पळवाट राहत नाहीं. एकनाथांनीं तापल्या वाळवंटांतलें अंत्यजाचें पोर कडेवर घेतलें, हा अपवाद खरा. आणि तो किती मोठा अपवाद होता, हें पैठणच्या ब्रह्मवृंदानें नाथांस जो छळ लावला त्यावरून दिसतें.

ही कसोटी हातीं घेऊन मराठींतील ख्रिस्ती लेखकांकडे पहावें. फादर स्टीफन्स यांचें ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं गोव्यांत राशोल येथें छापलें गेलें. एका इंग्रजानें मराठी भाषेवर इतकें प्रेम करावें, हेंच एक सेवेचें उदाहरण होय. पण त्या ग्रंथाचा थाट पुराणाचा आहे, आणि पुराणिक कितीही प्रेमळ असला तरी व्यासपीठावर बसतो. आपला विषय घराच्या ओसरीवर येतो तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. 'अभंगांजलि'मध्यें त्यांनीं ख्रिस्ताला माउली केलें, सद्गुरु केलें, आणि देशी भक्तीच्या भाषेंत परदेशी वाटणारा धर्म असा विरघळवून टाकला कीं शिवण दिसूं नये. हें यश लहान नव्हे. तरी त्याच यशांत एक धोका आहे, आणि तो आमच्या टीकाकारांनीं पुरेसा दाखविला नाहीं असें आम्हांस वाटतें. दास, पायधूळ, पतित हे शब्द आपल्या अभंगांत शतकानुशतकें फिरून इतके गुळगुळीत झाले आहेत, कीं ते उच्चारतांना कवीस कांहीं खर्च पडत नाहीं. नम्रता ही जेथें काव्याची रूढी होते, तेथें ती खरी कीं सवयीची हें ओळखणें कठीण पडतें. 'अभंगांजलि'तील कांहीं रचना या रूढीच्या आधारावर उभ्या आहेत. त्या गोड लागतात आणि लगेच विसरतात. ज्या ठिकाणीं टिळक आपल्या अहंकाराची प्रत्यक्ष झटापट मांडतात, तेथें मात्र ते रूढी सोडून बोलतात आणि वाचक सावध होतो. शिवाय टिळकांनीं शब्दांवर थांबून चालविलें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला व न घेतलेला असा भेद न करितां ख्रिस्ताच्या अनुयायांनीं तेथें बंधुत्वानें एकत्र यावें, अशी ती कल्पना होती. दोन वर्षांत ते वारले. दरबार टिकला नाहीं, पण कवीच्या नम्रतेनें एकदां तरी आपली किंमत मोजली.

पंडिता रमाबाईंची (१८५८-१९२२) गोष्ट वेगळी. ज्या विदुषीस कलकत्त्याच्या पंडितांनीं १८७८ सालीं 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरविलें, तिनें आयुष्याचीं अखेरचीं वर्षें केडगांवच्या मुक्तिसदनांत बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं. त्यासाठीं ती उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकली. हेतु एवढाच, कीं दुष्काळांतून आणलेल्या, नुकत्या अक्षरें शिकलेल्या बायांस तें पुस्तक कोणी समजावून न देतां समजावें. संस्कृत जिच्या जिभेवर बालपणापासून खेळत होतें, तिनें संस्कृत शब्द वेचून वेचून बाहेर काढावे, यासारखें भाषेचें दास्य आम्हीं दुसरें पाहिलें नाहीं. वाङ्मय म्हणून पाहतां हें भाषांतर कित्येक ठिकाणीं ओबडधोबड आहे, वाक्यें ताठ आहेत; आम्ही वर्गांत त्याचे दोष दाखवीत असूं. आतां वाटतें कीं आम्ही व्यासपीठावरून मोजमाप घेत होतों. तें पुस्तक आमच्यासाठीं लिहिलेलेंच नव्हतें. ज्यांच्यासाठीं लिहिलें त्यांच्या पायांच्या उंचीवर तें वाकलें आहे.

येथवर आम्ही विंझरच्या ओसरीवर बसून टिपणें केलीं होतीं. नसरापुराहून वेल्ह्याकडे जातांना लागणारें हें गांव. आषाढांत तोरणा दिवसचे दिवस ढगांत असतो आणि खाचरांतून भाताची लावणी चाललेली असते. दिवसभर गुडघाभर चिखलांत उभें राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्या फुटल्या म्हणजे पाऊल टाकवत नाहीं. एके दिवशीं संध्याकाळीं लावणीस आलेली एक म्हातारी पायरीशीं येऊन बसली. तिच्या दोन्ही पायांच्या चिखल्या चिघळल्या होत्या. आत्याबाईंनीं घंगाळांतून कोमट पाणी काढलें. आम्हांस वाटलें, तांब्या तिच्या हातीं देतील. त्या खालीं बसल्या आणि म्हणाल्या, "पाय पुढें कर." म्हातारीनें पाय लुगड्याखालीं ओढून घेतले. "नगं वयनी, मला पाप लागंल." आत्याबाई म्हणाल्या, "लागलं तर मला लागेल. कर पुढें." मग त्यांनीं दोन्ही पाय धुतले, बेचके फडक्यानें टिपले, तेल-हळद लावली, आणि उठून चुलीपाशीं गेल्या. म्हातारी बराच वेळ तशीच बसून राहिली.

आमच्या मांडीवर त्या वेळीं तोच तेरावा अध्याय उघडा होता. पेत्राचें बोलणें आम्ही आयुष्यभर एक नाट्यमय खुबी म्हणून वाचीत आलों. त्या बाईच्या तोंडून तें ऐकलें तेव्हां समजलें कीं, त्या प्रसंगांतील अवघड काम धुणाऱ्याचें नाहीं. ज्याचे धुतले जातात त्याचें आहे. आपण खालचे आहों हें ज्याच्या हाडांत मुरलें आहे, त्यानें तें क्षणभर सोडून पाय पुढें करावयाचा असतो. आणि आणखी एक गोष्ट समजली, ती सांगतांना लाज वाटते. आम्ही जागचे हललों नाहीं. साधा तांब्या पुढें करावा, हेंही आमच्या मनांत आलें नाहीं. त्या आज्ञेवर टिपण लिहिणारा मनुष्य पांच हातांवर बसून पाहत होता.

त्या रात्रीं 'स्मृतिचित्रें' पुन्हा हातीं घेतलीं, आणि तीं निराळीं दिसलीं. लक्ष्मीबाई टिळकांचें हें आत्मचरित्र १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालें. त्यांतला विनोद, त्यांतलें घरगुती मराठी, यांची स्तुति पुष्कळांनीं केली आहे. ती आम्ही पुन्हा करीत नाहीं. आमचें म्हणणें असें आहे कीं, सेवा व प्रीति या विषयावरचें मराठींतलें सर्वांत खोल चिंतन याच पुस्तकांत आहे. आणि धर्म बाजूस ठेवून तें वाचणें म्हणजे भातांतलें पाणी काढून भात शिजविणें होय. बाई कोठेंही प्रवचन करीत नाहींत. सोंवळें सांभाळणारी, नवरा ख्रिस्ती झाल्यावर वियोग सोसणारी ही स्त्री, जातिभेद देवानें केला कीं मनुष्यानें, हा प्रश्न स्वतःशींच सोडविते, आणि एकदां सुटल्यावर कोणाच्याही हातचें खाण्यापिण्यास तयार होते. १९०० सालीं तिनें बाप्तिस्मा घेतला तो या वाटेनें. पुढें प्लेगची सांथ आली तेव्हां ती रोग्यांच्या शुश्रूषेस उभी राहिली. हें सारें ती अशा सुरांत सांगते कीं जणूं भाजी निवडतां निवडतां बोलत आहे. स्वतःच्या सोंवळ्याला ती हसते. म्हणून तिच्या नम्रतेस नम्रतेचें नांव द्यावें लागत नाहीं.

याच पुस्तकानें टिळकांच्या सेवावृत्तीचाही हिशेब मांडला आहे. टिळक मोठ्या मनाचे. हातांत येईल तें देऊन टाकणारे, वाटेवरचा मनुष्य घरीं आणणारे. पण आणलेल्या माणसास जेवूं कोण घालणार, दिलेल्या पैशाची भोंक कोण बुजविणार? तें लक्ष्मीबाईंनीं केलें. संतांच्या औदार्याचा खर्च बहुधा घरांतल्या बाईच्या नांवें पडतो. संतचरित्रांत ही बाजू क्वचितच येते, आणि आली तर ती बाई कजाग ठरते. लक्ष्मीबाईंनीं ती बाजू रागावून, हसून, आणि प्रीति तसूभर कमी न होऊं देतां लिहिली. एकमेकांवर प्रीति करा, या आज्ञेंतील 'एकमेकां'चा अर्थ येथें उमगतो. पराक्याचे पाय धुणारा मनुष्य घरच्या माणसाचे धुतो कीं नाहीं, हाही प्रश्न त्यांत आहे. टिळकांचें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें, तें पुढें याच बाईनें पुरें केलें. शाळेंत न गेलेल्या स्त्रीनें महाकवि होऊं पाहणाऱ्या पतीच्या अर्ध्या ओळीपाशीं बसावें, हाही त्याच सेवेचा भाग.

तेव्हां आमचा निष्कर्ष असा. या वाङ्मयांत जेथें लेखक नम्रतेविषयीं बोलतो, तेथें तें सामान्य आहे. जेथें तो आपल्या वाचकाच्या किंवा शेजाऱ्याच्या उंचीवर उतरतो, तेथें तें मराठींतील कोणत्याही भक्तिवाङ्मयाच्या पंक्तीस बसण्यासारखें आहे. धर्म कोणता, हा प्रश्न वाचकांनीं आपापल्या ठिकाणीं ठेवावा. आम्हीही आमच्या ठिकाणींच आहों. पण त्या धर्मानें विचारलेला प्रश्न बाजूस ठेवून या पुस्तकांची चव घेतां येत नाहीं, इतकें आम्हांस पटलें आहे. ज्यांच्या घरीं 'स्मृतिचित्रें' कपाटांत असतील त्यांनीं तीं काढून घरांतल्या सर्वांस मोठ्यानें वाचून दाखवावीं. धुण्याभांड्यास येणारी बाई त्या वेळीं घरांत असेल तर तिलाही ऐकावयास बसवावें, आणि बसावयास पाट द्यावा. आमच्या घरीं पुढचें वाचन असेंच होईल. आत्याबाईंस आम्हीं हा लेख वाचून दाखविला. त्यांनीं ऐकून घेतला आणि म्हातारीच्या चिखल्या बऱ्या झाल्या, एवढेंच सांगितलें.