रूदरफोर्डच्या धड्यातून काय गळते?

अणुरचनेचा धडा संपला की विद्यार्थ्यांच्या वहीत साधारणपणे एकच गोष्ट उतरते. सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, बहुतेक आरपार गेले, थोडे मागे फिरले. म्हणून अणूच्या मध्यभागी केंद्रक आहे. ही मांडणी खोटी नाही, सुटसुटीतही आहे. आमचा आक्षेप वेगळा आहे. या मांडणीत प्रयोग आणि निष्कर्ष यांच्यामध्ये काहीच उरत नाही. प्रयोग केला की उत्तर आपोआप हाती येते, असा समज त्यातून पक्का होतो.

प्रत्यक्षात काय घडले? मागे फिरणारे कण गायगर व मार्सडेन यांना १९०९ मध्येच दिसले होते. केंद्रकाचे प्रतिकर्षण व्यस्त वर्गाच्या नियमाने होत असेल, तर कोणत्या कोनात किती कण मिळावेत, याचे गणित रूदरफोर्डने १९११ मध्ये मांडले. १९१३ मध्ये गायगर-मार्सडेन यांनी कोनागणिक कण मोजले आणि आकडे जुळले. म्हणजे खरी कसोटी या मोजणीत होती. नेमकी तीच धड्यातून गळते.

तिचे मोल कळण्यासाठी सोन्याऐवजी हेलियम घेऊ. हेलियमच्या केंद्रकावर काही दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन आदळले, तर टक्कर स्थितिस्थापकच होते. कारण ते केंद्रक उत्तेजित करण्यास सुमारे २० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. वस्तुमानांचे प्रमाण १:४ आहे. संवेग व ऊर्जा यांच्या अक्षय्यतेचे नियम लावले, की ९० अंशांत वळलेल्या प्रोटॉनकडे मूळ ऊर्जेच्या ३/५, तर सरळ मागे परतलेल्याकडे ९/२५ ऊर्जा उरते. अकरावीचा विद्यार्थीही हे उदाहरण सोडवील. पण या उत्तरात बलाचा पत्ताच नाही! बल कसे आहे, हे कोणत्या कोनात किती प्रोटॉन येतात यावरूनच कळते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात फ्रायर व सहकाऱ्यांनी १ ते ३.५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रोटॉनांची अशी मोजणी १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. येथे एकट्या विद्युत प्रतिकर्षणाने भागत नाही. केंद्रकीय बलही धरावे लागते. क्रिचफील्ड व डॉडर यांनी त्याच वर्षी या आकड्यांचे विश्लेषण केले. प्रोटॉनला तरंग मानायचे आणि केंद्रकाजवळून जाताना त्या तरंगाची कला किती बदलते ते शोधायचे, ही त्यांची रीत. प्रोटॉनचे परिवलन कक्षीय संवेगाच्या दिशेने किंवा उलट असू शकते, म्हणून दोन प्रकारचे बदल वेगळे काढावे लागतात. आणि त्याच आकड्यांना दोन उत्तरे बसली! मोजणी चोख, गणित चोख, तरी निकाल नाही.

निकाल लागला १९५२ मध्ये. ह्यूझिंकवेल्ड व फ्रायर यांनी प्रोटॉन हेलियमवरून एकदा नव्हे, दोनदा विकिरित केले. पहिल्या टकरीत प्रोटॉन काही अंशी ध्रुवित होतात. दुसऱ्या टकरीनंतर डावीकडे व उजवीकडे जाणाऱ्यांच्या संख्येत फरक पडतो. दोन्ही उत्तरांनुसार हा फरक वेगवेगळा यायला हवा होता. प्रयोगाने त्यांतले एक निवडले: परिवलन व कक्षीय संवेग एकाच दिशेने असणारी अवस्था कमी ऊर्जेची. मेयर व येन्सेन यांच्या १९४९ च्या कवच प्रतिमानातील गृहीतही हेच होते. त्या प्रतिमानासाठी दोघांना १९६३ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

कोणी म्हणेल, हे शाळेत कसे शिकवायचे? तरंगांची कला शिकवू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण धड्यात कोन व कणसंख्या यांचा एक छोटा तक्ता देता येईल. फळीखाली एखादी वस्तू लपवून तिच्यावर गोट्या सोडायला लावता येतील. मग ‘याच नोंदींत आणखी कोणता आकार बसेल?’ आणि ‘दोहोंतला खरा ठरवण्यासाठी आता काय मोजाल?’ हे दोन प्रश्न विचारता येतील. त्याला फार तर एक तासिका लागेल. ती न दिल्यास विद्यार्थी निष्कर्ष पाठ करतील. पण पुराव्याने एखादी गोष्ट केव्हा सिद्ध होते आणि केव्हा होत नाही, हे ओळखायला शिकणार नाहीत.