नगरसेवकांचे प्रश्न आणि माझ्या तक्त्यातलं शून्य



पेट पास झाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे. अशा वेळी आपण सगळ्यात आधी काय शोधतो? तयार डेटा. खोटं बोलू नका, मीही तेच केलं होतं. आज त्याच तयार डेटाबद्दल लिहिते आहे. तो वाईट होता म्हणून नाही, तर मी तो कसा वाचला म्हणून.

माझं शिक्षण पर्यावरणशास्त्रातलं. मुंबईतल्या पाणीपुरवठ्याच्या तक्रारी विभागानुसार कशा बदलतात, हा माझा विषय. त्यात मी हौसेने एक उपप्रश्न घातला होता: ज्या भागातले नगरसेवक महापालिकेत जास्त प्रश्न विचारतात, तिथल्या तक्रारी लवकर सुटतात का? ऐकायला छान वाटतो ना? आणि डेटाही होता. प्रजा फाउंडेशन ही संस्था माहितीच्या अधिकारात कागद मिळवून नगरसेवकांची प्रगतीपुस्तकं काढते: हजेरी, विचारलेले प्रश्न, प्रश्नांचे विषय, गुन्ह्यांची नोंद, शिवाय नागरिकांचं सर्वेक्षण. मी त्यातला प्रश्नांचा आकडा उचलला, एक्सेलमध्ये भरला आणि त्याला 'सक्रियता' असं नाव दिलं.

संशोधन सल्लागार समितीच्या बैठकीत बाहेरून आलेल्या एका मॅडमनी तक्त्याच्या खालच्या ओळींवर बोट ठेवलं. "इथे सलग शून्य का आहे गं?"

मी म्हटलं, "मॅडम, त्या वर्षांत नगरसेवकांनी प्रश्न विचारले नाहीत."

"विचारले नाहीत, की विचारायला कुणी नव्हतंच?"

मी गप्प. गाईड सर खिडकीबाहेर बघत होते.

गोष्ट अशी होती. मुंबई महापालिकेच्या २२७ निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षं आयुक्तच प्रशासक. सभागृह नाही, स्थायी समिती नाही, प्रभाग समित्या नाहीत. म्हणजे माझं शून्य हे 'कमी सक्रिय' नगरसेवकांचं शून्य नव्हतंच. ज्या वर्गात परीक्षाच झाली नाही, त्या वर्गाच्या मुलांना मी नापास करून ठेवलं होतं. संख्याशास्त्रात याला रचनात्मक शून्य म्हणतात: जिथे घटना घडण्याची शक्यताच नसते, तिथलं शून्य. ते साध्या शून्याच्या रांगेत बसवलं की रिग्रेशन तुम्हाला बिनदिक्कत उत्तर देतं. सॉफ्टवेअर कधीच लाजत नाही.

बरं, या काळात महापालिकेचा खर्च काही थांबला नव्हता. २०२२-२३ चा अर्थसंकल्प ४५,९४९ कोटींचा होता. नगरसेवक असताना मांडलेला तो शेवटचा. २०२५-२६ चा झाला ७४,४२७ कोटींचा, म्हणजे दीडपटीहून जास्त. गोव्याच्या राज्य अर्थसंकल्पापेक्षा कितीतरी मोठा. ४ फेब्रुवारी २०२३ ला अतिरिक्त आयुक्तांनी अर्थसंकल्प प्रशासकांना सादर केला; आणि प्रशासक म्हणजे आयुक्त इकबालसिंह चहलच. मांडणारं प्रशासन, मंजूर करणारंही प्रशासन. मुंबईत याआधी असं १९८४-८५ मध्ये झालं होतं, तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांचा जन्मही झालेला नव्हता. लक्षात घ्या, माझ्या संशोधनाच्या दृष्टीने या काळातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच होती आणि मी ती '०' लिहून झाकून टाकली होती.

त्या बैठकीनंतर मी प्रगतीपुस्तकांकडे नव्याने बघायला लागले. आधी त्यांचं श्रेय: ही प्रगतीपुस्तकं नसती तर हा विषय अभ्यासायची सोयच नव्हती. महापालिकेत कोण काय विचारतं हे सामान्य माणसाला कळायची दुसरी सोपी वाट नव्हती. आणि प्रजा नुसती संख्या मोजत नाही, विषयही बघते. तरी माझी तक्रार आहे, आणि ती क्रमवारीबद्दल आहे. इतक्या वेगवेगळ्या गोष्टी एका गुणात कोंबून 'पहिला', 'दुसरा', 'शेवटचा' असं लावलं की वर्तमानपत्रात तेवढंच छापून येतं, आणि माझ्यासारखी विद्यार्थिनी तेवढंच उचलते.

प्रश्न नोंदला जातो कसा, ते आधी बघा. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्याच्या कलम ६६-अ नुसार नगरसेवक आयुक्तांना कारभाराबद्दल प्रश्न विचारू शकतात, पण आगाऊ लेखी सूचना देऊन आणि नियमात बसवून. याशिवाय हरकतीचा मुद्दा, ठरावाची सूचना, निवेदन अशी इतर आयुधं आहेत. हे सगळं चिटणीस खात्याच्या कागदावर उमटतं आणि तिथून आपल्या तक्त्यात येतं. जे कागदावर उमटत नाही, ते आपल्यासाठी घडलेलंच नसतं.

आता तो प्रसिद्ध मुद्दा. नगरसेवक सगळ्यात जास्त कशाबद्दल विचारतात, तर रस्त्यांना आणि चौकांना नावं देण्याबद्दल, अशी बातमी प्रजाच्या अहवालांवरून बऱ्याचदा झाली. आपण वाचतो, हसतो, 'यांना दुसरं काम नाही' म्हणतो. मीही म्हणायचे. पण एक साधी गोष्ट आहे: नाव द्यायचं तर महापालिकेची मंजुरी लागते. म्हणजे नामकरणाचा विषय कागदावर आल्याशिवाय पुढे सरकतच नाही. याउलट समजा, तुमच्या गल्लीत तीन दिवस पाणी आलं नाही. नगरसेविका काय करणार? लेखी सूचना देऊन सभेच्या तारखेची वाट बघणार? ती विभाग कार्यालयातल्या पाणी खात्याच्या इंजिनिअरला फोन लावणार. नाही ऐकलं तर सहाय्यक आयुक्तांच्या केबिनमध्ये जाऊन बसणार. संध्याकाळी पाणी येईल, तिच्या नावापुढे प्रश्न मात्र शून्य.

थोडक्यात, ज्या कामाला कागद लागतो ते मोजणीत फुगतं आणि जे काम फोनवर होतं ते गळतं. याचा अर्थ नामकरणाचा सोस चांगला, असं मी अजिबात म्हणत नाहीये! सभागृहाचा वेळ मर्यादित असतो आणि तो कुठे जातो ते दिसतंच. पण 'नामकरणाचे प्रश्न जास्त, म्हणून पाण्यात रस कमी' हा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही. परीक्षक तुमच्या थीसिसमध्ये नेमकी हीच उडी पकडतील.

दुसरी अडचण उलट बाजूची. मोजणी जाहीर झाली की माणसं मोजणीसाठी वागायला लागतात. चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल बोलताना हा मुद्दा मांडला, म्हणून याला गुडहार्टचा नियम म्हणतात. ब्रिटनमध्ये खासदारांची कामगिरी दाखवणारी 'दे वर्क फॉर यू' नावाची साइट आहे. तिथला क्रमांक वाढावा म्हणून काही खासदार उगाचच बोलतात, अशी बातमी २००६ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात आली. साइटवाल्यांनी पुढे थेट क्रमांकांऐवजी 'सरासरीपेक्षा जास्त', 'सरासरीपेक्षा कमी' अशी भाषा आणली. मला हा बदल फार प्रामाणिक वाटतो. आपल्याला जेवढं खात्रीने माहीत आहे, तेवढंच बोलायचं.

आणि अर्थसंकल्प? माझ्या मते इथे मोजणी सगळ्यात तोकडी पडते. आयुक्त फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्थसंकल्प स्थायी समितीपुढे मांडतात, तिथे चर्चा होते, फेरफार होतात, मग तो सभागृहात येतो. एखादी अनुभवी नगरसेविका त्या चर्चेत पाऊण तास बोलते, गेल्या वर्षी जलवाहिनीसाठी ठेवलेले पैसे खर्च का झाले नाहीत ते आकड्यांसह विचारते. हा एक प्रश्न धरायचा, दहा धरायचे, की भाषण म्हणून सोडून द्यायचं? हे तुम्ही ठरवायचं असतं, आणि ठरवून लिहून ठेवायचं असतं. त्यालाच कोडिंगचे नियम म्हणतात. मग तेच कागद दुसऱ्या कुणाला तरी स्वतंत्रपणे कोड करायला द्यायचे आणि दोघांचं कितपत जुळतं ते कोहेनच्या कप्पाने तपासायचं. मी माझ्या रूममेटला वीस नमुने दिले होते. 'पाणी' आणि 'आरोग्य' यांवरूनच आमचं भांडण झालं: दूषित पाण्याने जुलाब झाल्याचा प्रश्न कुठे टाकायचा? ती म्हणे आरोग्य, मी म्हणे पाणी. भांडण चांगलं झालं, नियमावलीत दोन ओळी वाढल्या.

उत्तरांचा विषय अजून राहिलाच. प्रश्न ही अर्धीच नोंद आहे, आणि याची जाणीव मला लंडनचं उदाहरण वाचताना झाली. लंडन असेंब्लीचे २५ सदस्य वर्षातून दहा वेळा महापौरांना समोरासमोर प्रश्न विचारतात. शिवाय लेखी प्रश्न असतात. प्रश्न आणि उत्तर दोन्ही साइटवर शेजारी-शेजारी सापडतात, त्यामुळे संशोधक प्रश्नाचा माग उत्तरापर्यंत काढू शकतो. पण लगेच हुरळून जाऊ नका. महापौरांच्या अर्थसंकल्पात बदल करायचा तर असेंब्लीला दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणजे विचारायला मोकळीक भरपूर, पैशाला हात लावणं अवघड. मुंबईत स्थायी समितीच्या हातात पैशाची सूत्रं जास्त, उत्तरं मिळवणं कष्टाचं. आणखी एक मोठा फरक: लंडनमध्ये उत्तर देणारा माणूस लोकांनी निवडलेला असतो, इथे उत्तर देणारे आयुक्त राज्य सरकारने नेमलेले आयएएस अधिकारी असतात, आपला महापौर बराचसा मानाचा. तेव्हा 'लंडनमध्ये इतके प्रश्न, मुंबईत इतके' अशी तुलना करणारा तक्ता दिसला तर तो बाजूला ठेवा. दोन्हीकडे 'प्रश्न' हा शब्द एकच आहे, वस्तू वेगळी आहे.

मी शेवटी काय केलं? 'सक्रियता' हे नाव खोडलं. त्या स्तंभाचं नाव आता 'नोंदलेले प्रश्न' असं आहे; कंटाळवाणं पण खरं. मार्च २०२२ नंतरच्या ओळींतली शून्यं काढून तिथे 'सभागृह अस्तित्वात नाही' असा वेगळा कोड टाकला. त्याने माझे नमुने इतके घटले की जुना सुंदर आलेख, ज्यात रेघ छान वर चढत होती, तो उरलाच नाही. दोन दिवस वाईट वाटलं. सर म्हणाले, "रेघ गेली ते बरं झालं, ती तुझी नव्हतीच."

आता नवे स्तंभ भरते आहे: प्रश्न दिल्याची तारीख, उत्तराची तारीख, उत्तरात आकडा किंवा मुदत आहे की नुसती 'कार्यवाही सुरू आहे' आहे, आणि त्याच विषयावर त्याच व्यक्तीने परत विचारलं का. हा शेवटचा स्तंभ सगळ्यात वेळखाऊ आहे, कारण त्यासाठी कागद क्रमाने वाचावे लागतात, शब्द शोधून भागत नाही. आणि उपप्रश्नही उलटा केलाय: प्रश्नांमुळे तक्रारी सुटतात का, याऐवजी विचारणारं सभागृह नसताना तक्रारींच्या निवारणाला लागणाऱ्या दिवसांचं काय झालं. उत्तर अजून माझ्याकडे नाही. २०२२ च्या आधीच्या तीन वर्षांचं कोडिंग निम्म्यावर आलंय, आणि रूममेट दुसऱ्या फेरीसाठी चहाच्या अटीवर तयार झाली आहे.