पश्चात्तापाचा पाचवा अंक

सुधारलेला रंगेल पुरुष हा सुखात्मिकेचा एक आवडता नायक आहे. पहिल्या चार अंकांत तो स्त्रियांना भुलवितो, वचने देतो आणि मोडतो, नवऱ्यांना व बापांना चकवितो. पाचव्या अंकात एका सुशील स्त्रीपुढे त्याचे मस्तक लवते आणि पडदा पडतो. प्रेक्षकाला स्वैराचाराची गंमत आणि सद्वर्तनाचे समाधान ही दोन्ही एकाच तिकिटात मिळतात. या सोयीमुळेच असल्या नाटकांकडे समीक्षक थोड्या तुच्छतेने पाहतात. परंतु शेवट गोड आहे एवढ्यावरून कोणतीही सुखात्मिका खोटी ठरत नाही. नायकाचा पालट कशातून उगवतो आणि त्याचे मोल कोण देते, हे पाहिल्यावाचून तिचा न्यायनिवाडा होऊ शकत नाही. इंग्रजी रंगभूमीवर 1696 या एकाच वर्षी लागोपाठ आलेली दोन नाटके या दृष्टीने शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत. पहिले कॉली सिबरचे ‘लव्हज् लास्ट शिफ्ट’, म्हणजे प्रेमाची अखेरची युक्ती. दुसरे जॉन व्हॅनब्रूचे ‘द रिलॅप्स’, म्हणजे पुन्हा घसरण.

सिबरच्या नाटकामागची परिस्थिती लक्षात घेतली पाहिजे. 1660 मध्ये इंग्लंडात राजसत्ता परत आली, बंद पडलेली नाट्यगृहे उघडली, स्त्रिया रंगमंचावर अभिनय करू लागल्या आणि दरबारी रंगेलपणाला नायकपण लाभले. विचर्लीच्या ‘द कंट्री वाइफ’मधील (1675) हॉर्नर किंवा एथरिजच्या ‘द मॅन ऑफ मोड’मधील (1676) डोरिमंट यांचे लेखकांना कौतुक होते, त्यांना सुधारण्याची फारशी निकड कोणाला भासली नव्हती. पुढे 1688 च्या राज्यक्रांतीनंतर वारे फिरले. लोकांचे आचरण सुधारण्यासाठी मंडळ्या निघाल्या, प्रेक्षकांतील व्यापारी वर्गाचा आणि गृहस्थाश्रमी मंडळींचा आवाज वाढला. त्यातच 1695 मध्ये बेटर्टन आदी नामवंत नट ड्रुरी लेनचे नाट्यगृह सोडून गेले आणि मागे राहिलेल्या तरुण नटांवर ते चालविण्याची पाळी आली. चोवीस वर्षांचा सिबर त्यांपैकी एक. मनाजोगी भूमिका मिळेना, म्हणून त्याने नाटकच लिहिले आणि त्यातील सर नॉव्हेल्टी फॅशन या छानछोकी बावळटाची भूमिका स्वतःकडे घेतली. 1696 च्या जानेवारीत त्याचा पहिला प्रयोग झाला.

नाटकाचा नायक लव्हलेस. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याला पत्नीचा कंटाळा आला, कर्जे झाली, आणि तिला टाकून तो परदेशी निघून गेला. आता सर्व पैसा उधळून, फाटक्या वेषात तो लंडनला परतला आहे. पत्नी मेली असेच तो समजतो. प्रत्यक्षात अमांडा जिवंत आहे, वारशाने धनवान झाली आहे आणि आजही त्याच्याशी एकनिष्ठ आहे. मध्यंतरी देवी येऊन गेल्यामुळे तिचा चेहरा बदलला आहे. या बदलाचाच आधार घेऊन स्नेही तिला युक्ती सुचवितात, की तिने अनोळखी विलासिनी होऊन आपल्याच नवऱ्याला मोहात पाडावे. युक्ती साधते. रात्र सरल्यावर ती आपली ओळख देते; लव्हलेस लज्जित होतो आणि एकपत्नीव्रतातच खरे सुख आहे असे जाहीर करतो.

ही कल्पना चतुर आहे यात शंका नाही. परंतु तिची घडण नीट पाहिली म्हणजे एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. या पश्चात्तापासाठी लव्हलेसला कशाचाही त्याग करावा लागत नाही. त्याला नवी स्त्री हवी होती, ती मिळाली. पैसा हवा होता, तो पत्नीच्या वारशाने आला. आणि केलेले पाप पापच नव्हते अशी ग्वाहीही वर मिळाली. त्याची वासना जिंकली गेलेली नाही, तिला केवळ विवाहाचा परवाना लाभला आहे. ज्या नावीन्याच्या हव्यासाने त्याने पत्नीला टाकले, त्याच हव्यासाच्या वाटेने तो तिच्याकडे परत येतो. उद्या अमांडा नवी राहणार नाही, तेव्हा काय, हा प्रश्न सिबर पाचव्या अंकाच्या पलीकडे ठेवून देतो.

विशेष असे, की तो प्रश्न नाटकातील एका पात्राला जाणवला आहे. अमांडा युक्तीला होकार देण्यापूर्वी अडखळते. नवऱ्याला परस्त्री म्हणून वश केले, तर त्याच्या विवाहभंगात आपणही भागीदार नाही का होणार, असा तिचा विचार आहे. कृती निर्दोष असली तरी त्याच्या मनातला हेतू सदोषच राहतो, हे तिने ओळखले आहे. नाटक या शंकेजवळ फार वेळ थांबत नाही. पण तिच्यापुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता? त्या काळच्या इंग्लंडात पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट पार्लमेंटने खास कायदा केल्यावाचून मिळत नसे, आणि विवाहित स्त्रीच्या मालमत्तेवर सामान्यतः पतीचाच ताबा चाले. नवऱ्याला सुधारणे हा अमांडाच्या दृष्टीने सद्गुणाचा विलास नव्हता, ती तिची एकमेव वाट होती. शीर्षकातील ‘अखेरची युक्ती’ या शब्दांत, लेखकाच्या मनात असो वा नसो, हे सारे कारुण्य सामावले आहे. नाटकाच्या उपसंहारात मात्र नायकाने चारांहून अधिक अंक स्वैराचार केलाच आहे, अशी रसिकांची थट्टेने समजूत घातली आहे. सिबरला आपला ग्राहक पक्का ठाऊक होता.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, त्याच ड्रुरी लेनमध्ये व्हॅनब्रूने ही कथा पुढे चालविली. लव्हलेस व अमांडा खेड्यात सुखाने राहत आहेत. पती आपल्या तृप्तीची स्तोत्रे गातो आहे. कामानिमित्त दोघे लंडनला येतात. नाटक पाहावयास गेलेला लव्हलेस घरी येऊन सांगतो, की रंगमंचावर आपल्याच स्वभावाचे पात्र पाहिले, फक्त ते पुन्हा घसरलेले होते. त्याच नाट्यगृहात त्याची दृष्टी एका सुंदरीवर खिळलेली असते. ही सुंदरी म्हणजे अमांडाची विधवा चुलतबहीण बेरिंथिया. पुढचे सांगावयास नको. तो तिला उचलून आतल्या दालनात नेतो तेव्हा ती मदतीसाठी हाक मारते, पण कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात. जेरेमी कॉलियर या धर्मोपदेशकाने 1698 च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात या नाटकावर सविस्तर प्रहार केला. परंतु कॉलियरला जी अनीती वाटली, तीत सिबरच्या गोड शेवटाहून अधिक नैतिक सचोटी आहे. वचन देणे सोपे आणि वचनासह जगणे कठीण, एवढे सांगण्याचे धैर्य व्हॅनब्रूने दाखविले.

तथापि माझ्या मते या नाटकाचे खरे मोल लव्हलेसच्या घसरणीत नाही. ते वर्दी या दुसऱ्या लंपट पुरुषाच्या प्रसंगात आहे. वर्दी हा बेरिंथियाचा जुना प्रियकर. आता त्याला अमांडा हवी आहे. नवऱ्याची प्रतारणा अमांडाच्या डोळ्यांसमोर उघडी पडते, आणि नेमक्या त्या दुःखाच्या घटकेला वर्दी तिच्यापुढे येतो. सूड घेण्यास याहून सबळ निमित्त कोणते? तरीही ती त्याला नाकारते. तिचे शील आता नवऱ्याच्या निष्ठेची परतफेड राहिलेले नाही. ते सर्वस्वी तिचे स्वतःचे आहे. ती निघून जाते, आणि एकटा उरलेला वर्दी आपल्या वासनेचे आदरात रूपांतर झालेले पाहून चकित होतो. हा प्रभाव किती काळ टिकेल ते देवच जाणे, अशी कबुलीही तो देतो.

दोन पश्चात्तापांतील अंतर येथे स्पष्ट होते. लव्हलेस सारे मिळाल्यामुळे सुधारतो, वर्दी काहीच न मिळाल्यामुळे. पहिल्याच्या लेखी अमांडा ही अजून उपभोग्य वस्तूच आहे, केवळ अधिक किफायतशीर. दुसऱ्याला ती प्रथमच व्यक्ती म्हणून दिसते. आणि जो स्वतःच्या सुधारणेबद्दल साशंक आहे, त्याच्यावर आपला विश्वास बसतो. लव्हलेस व अमांडा यांचा समेट व्हॅनब्रू दाखवीत नाही. ही उणीव पुष्कळांना खटकली. 1777 मध्ये शेरिडनने ‘अ ट्रिप टू स्कारबरो’ या नावाने नाटकाची सभ्य आवृत्ती तयार केली. तीत अमांडाचा नकार लव्हलेस व बेरिंथिया आडून ऐकतात आणि खजील होऊन वेळीच मागे फिरतात. नकाराचे सामर्थ्य शेरिडनने अचूक ओळखले. पण कोणाचे काहीच बिघडू दिले नाही, त्यामुळे त्या नकाराची किंमतही उतरली.

आपल्या परंपरेला हा नायक काहीसा परका आहे. धनंजयाच्या ‘दशरूपका’त अनुकूल, दक्षिण, शठ आणि धृष्ट असे शृंगारी नायकाचे भेद येतात, पण ते स्वभावाचे भेद आहेत, एकातून दुसऱ्यात जाण्याच्या अवस्था नव्हेत. मराठी रंगभूमीवर तर पालटाचा प्रश्न सुखात्मिकेपेक्षा शोकात्मिकेनेच अधिक निकराने विचारला. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकराचा निश्चय ढळतो तो पतिव्रता सिंधू घरात असताना, पत्नीच्या पुण्याईने पुरुष सुधारतोच असे नाही, हे त्या नाटकाने 1919 मध्ये मराठी प्रेक्षकाला दाखविले. आणि अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधील (1962) लखोबाला पश्चात्तापाचे नावही ठाऊक नाही, तो न्यायासनासमोर आपली ओळखच नाकारीत राहतो.

सुखात्मिकेचा मोह मात्र आजही सुटलेला नाही. लासे हालस्ट्रोम यांच्या ‘कॅसानोव्हा’ (2005) या चित्रपटात अठराव्या शतकातील व्हेनिसचा तो विख्यात विलासी फ्रांचेस्का या बुद्धिमान, टोपणनावाने लिहिणाऱ्या तरुणीच्या प्रेमात पडतो आणि शेवटी तिच्याबरोबर निघून जातो. पण कॅसानोव्हाची कीर्ती बुडावी असेही कोणाला वाटत नाही. म्हणून त्याचे नाव आणि त्याचा उद्योग फ्रांचेस्काचा भाऊ पुढे चालवितो! सिबरने प्रेक्षकाला जी दोन सुखे दिली, तीच येथे दोन माणसांत वाटून दिली आहेत. चित्रपट प्रसन्न आहे. त्याला उद्याची भीती नाही, कारण उद्याचे ओझे त्याने दुसऱ्याच्या खांद्यावर दिले आहे.

सुखात्मिकेने माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा हमीपत्रक लिहून द्यावा अशी अपेक्षा धरणे अरसिकपणाचे होईल. तिने एक क्षण खरा करून दाखवावा, एवढे पुरे. पण तो क्षण स्त्रीच्या युक्तीतून आला, की स्त्रीच्या स्वातंत्र्यातून, हे विचारण्याचा अधिकार रसिकाला आहे. सिबरच्या अमांडाला नवरा मिळविण्यासाठी दुसरी स्त्री व्हावे लागले. व्हॅनब्रूची अमांडा स्वतःच राहिली आणि तिने नवरा गमावला. पहिल्या नाटकाचा शेवट गोड आहे. दुसऱ्याचा तसा नाही, पण त्यातील एका लंपट पुरुषाच्या क्षणभराच्या लज्जेवर तीन शतकांनंतरही विश्वास ठेवावासा वाटतो.