न उच्चारलेला आरोप

निवडणूक-प्रचारातील प्रतिपक्षनिंदेचा विचार सामान्यतः नीतीच्या अंगाने केला जातो. परंतु निंदा ही भाषेची क्रिया असल्यामुळे तिचा अर्थ कोणत्या मार्गाने मतदारापर्यंत पोचतो, हे आधी पाहणे आवश्यक आहे. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांतील दोन जाहिराती ह्या दृष्टीने बोधप्रद आहेत.

पहिली जाहिरात लिंडन जॉन्सन यांच्या बाजूची. ७ सप्टेंबर १९६४ रोजी ती दूरचित्रवाणीवर पैसे मोजून एकदाच दाखविण्यात आली. एक लहान मुलगी डेझीच्या पाकळ्या तोडीत अडखळत अंक मोजते. नऊ येताच एक पुरुषी आवाज उलटे अंक मोजू लागतो. शून्यावर अणुस्फोट होतो. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नाव तीत कोठेही नाही. अभिधेच्या पातळीवर आरोपच नाही. तो सर्वस्वी व्यंजनेने येतो. मात्र ही व्यंजना निराधार नव्हती. गोल्डवॉटर यांनी १९६३ च्या अणुचाचणीबंदी कराराविरुद्ध सेनेटमध्ये मत दिले होते. रिपब्लिकन पक्षाने आक्षेप घेतला, तेव्हा जाहिरातीने टाळलेले नाव आक्षेपकांनीच पुरविले. जे विधान केलेच नाही त्याचे खंडन करू जाता ते आपणच उच्चारावे लागते, हा ह्या रचनेतील खरा पेच होय.

जाहिरातीच्या निर्मात्यांपैकी टोनी श्वार्ट्‌झ यांनी ‘द रिस्पॉन्सिव्ह कॉर्ड’ (१९७३) ह्या ग्रंथात प्रेक्षकाच्या मनात आधीच साठलेले जागविण्यावर भर दिला आहे. ध्वनिसिद्धान्तातील सहृदयाच्या कल्पनेशी ह्याचे साम्य उघड आहे. परंतु आपण काव्य वाचीत आहो, हे सहृदयाला ठाऊक असते. मतदार मात्र सूचित अर्थ स्वतःचाच निष्कर्ष समजतो.

दुसरे उदाहरण उलट्या प्रकारचे आहे. १३ सप्टेंबर १९८८ रोजी मिशिगन राज्यात मायकेल डुकाकिस रणगाड्यात बसून फिरले. संरक्षणविषयक खंबीरपणा दर्शविण्याचा हा प्रयत्न हास्यास्पद ठरला. डोक्यावरील अवजड शिरस्त्राणावर त्यांचे नावही लिहिलेले होते. १९६४ मध्ये मतदाराने मनात पुरविलेले नाव येथे उमेदवारानेच मिरविले. जॉर्ज बुश यांच्या प्रचारकांनी तेच चित्रण घेऊन त्यावर डुकाकिस यांनी विरोध केल्याचे सांगत शस्त्रप्रणालींची यादी वाचली. येथे आरोप स्पष्ट, अतएव पडताळण्याजोगा होता. त्यात अतिशयोक्ती असल्याचे वृत्तपत्रीय समीक्षकांनी त्या वेळीच दाखविले. तरीही चित्राने उत्पन्न केलेल्या हास्यात वाक्यांची सत्यासत्यता झाकली गेली.

जॉन्सन यांना ४८६ आणि बुश यांना ४२६ निर्वाचक मते मिळाली, म्हणून हे विजय जाहिरातींचे ठरत नाहीत; जॉन्सन आधीपासूनच आघाडीवर होते, आणि रणगाड्याच्या प्रसंगापूर्वीच डुकाकिस यांची आघाडी गेलेली होती. प्रश्न परिणामाचा नसून प्रमाणाचा आहे. वाच्यार्थ खोटा ठरविता येतो, व्यंग्यार्थ तसा ठरविता येत नाही. आणि चित्राच्या आड वाच्यार्थही तपासणीतून निसटतो. जाहिरातीतील वाक्ये खरी की खोटी, एवढे तपासून थांबणारी टीका म्हणूनच अपुरी होय. न उच्चारलेले वाक्य प्रथम शब्दांत मांडावे आणि मग त्याला पुरावा मागावा. तसे न झाल्यास मतदार दुसऱ्याने सुचविलेला अर्थ स्वतःचा निर्णय समजून मत देत राहील.